नाइटिंगेलबाईंचा लांबलेला आजार

हातात दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांमधून फिरणारी परिचारिका हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे चित्र शाळेच्या पुस्तकात आणि नर्सिंग कॉलेजच्या भिंतीवर सगळ्यांनी पाहिलेले असते. पण नव्वद वर्षांच्या आयुष्यात बाई युद्धाच्या इस्पितळात होत्या ते जेमतेम एकवीस महिने. पुढची वीस-पंचवीस वर्षे त्यांनी स्वतः रुग्ण म्हणून काढली, बरीचशी अंथरुणात किंवा कोचावर पडून. त्यांना नेमके काय झाले होते यावर अजून एकमत नाही. १२ मे हा त्यांचा जन्मदिवस परिचारिका दिन म्हणून सर्वांना ठाऊक आहे. क्रॉनिक फटीग सिंड्रोमचे, म्हणजे न हटणाऱ्या थकव्याच्या आजाराचे रुग्णही १९९२ पासून हाच दिवस आपला म्हणून पाळतात. ते मात्र फार थोड्यांना माहीत असते.

१८२० मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात एका श्रीमंत इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. गणिताची आवड लहानपणापासून होती. मुलीने इस्पितळात काम करणे घरच्यांना मान्य नव्हते, त्यामुळे तिशी उलटेपर्यंत घरातच संघर्ष चालला. नोव्हेंबर १८५४ मध्ये त्या ३८ परिचारिकांना घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोचल्या. तिथे सैनिक जखमांपेक्षा हगवण, कॉलरा आणि टायफससारख्या तापांनी जास्त मरत होते.

मे १८५५ मध्ये इस्पितळांच्या पाहणीसाठी त्या क्रिमियातल्या बालाक्लाव्हाला गेल्या आणि काही दिवसांतच कोसळल्या. खूप ताप, वात, भ्रम. स्ट्रेचरवरून त्यांना टेकडीवरच्या इस्पितळात नेले, डोक्याचे केस कापले. त्या जगतील याची कुणाला खात्री नव्हती. सुमारे दोन आठवड्यांनी धोका टळला. इंग्लंडला परत जाण्याचा सल्ला त्यांनी धुडकावला आणि युद्ध संपेपर्यंत काम केले. या आजाराला तेव्हा क्रिमियन फीव्हर म्हणत. त्या काळी तापांची नावे अशीच गावांवरून पडत, कारण ताप कशामुळे येतो हेच माहीत नव्हते.

१८५६ च्या ऑगस्टमध्ये त्या मायदेशी आल्या. वर्षभर लष्करी आरोग्याच्या चौकशीचे काम रात्रंदिवस केले आणि ऑगस्ट १८५७ मध्ये पुन्हा कोसळल्या. छातीत धडधड, धाप, अन्नावरची वासना उडालेली, झोप नाही आणि थोड्याशा श्रमाने गळून जाणे. आपण काही महिन्यांच्याच सोबती आहोत असे त्यांना वाटत होते. अंत्यविधीच्या सूचनाही त्यांनी लिहून ठेवल्या. वय होते ३७. त्यानंतर त्या ५३ वर्षे जगल्या. १८६१ च्या शेवटी पाठीच्या कण्यात असह्य दुखणे सुरू झाले, तेव्हा काही वर्षे त्यांना एका खोलीतून दुसऱ्या खोलीत उचलून न्यावे लागे.

डॉक्टरांनी हृदय मोठे झाल्याचे सांगितले, मज्जातंतूंचा थकवा आहे असेही सांगितले. विश्रांतीचा सल्ला सगळ्यांनीच दिला, आणि बाईंनी तो आपल्या पद्धतीने पाळला. समारंभ बंद केले, जाणे-येणे बंद केले. भेटायला एका वेळी एकच माणूस, तेही वेळ ठरवून. आई आणि बहिणीलाही मुक्तद्वार नव्हते. त्यांचे सहकारी डॉ. जॉन सदरलँड खालच्या मजल्यावर बसत आणि चिठ्ठ्या वर-खाली जात. अंगात जेवढी ताकद उरे ती सगळी लिहिण्यावर खर्च होई. आज या आजाराच्या रुग्णाला ताकदीचा हिशेब ठेवून ती पुरवून वापरायला शिकवतात, ते याहून फार वेगळे नाही. मात्र त्या काळात याला लहर, हट्ट किंवा ढोंग म्हणायला माणसे मोकळी होती. पुढे चरित्रकारांनीही तेच केले. १९१८ मध्ये लिटन स्ट्रॅची यांनी त्यांचे जे चित्र रंगवले, त्यात आजार हे लोकांना ताब्यात ठेवण्याचे साधन जास्त वाटते. १९७४ मध्ये सर जॉर्ज पिकरिंग या नामवंत डॉक्टरांनी तो मानसिक ठरवला.

असल्या रुग्णाने जे काम केले ते पाहिले की या निदानाचे नवल वाटते. १८५८ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना फेलो केले. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. सैन्यातल्या मृत्यूंची कारणे त्यांनी रंगीत आकृत्यांतून मांडली. १८६० च्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे त्यांची सूचना आली, की सगळ्या इस्पितळांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात, नाहीतर एका इस्पितळाची दुसऱ्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. केसपेपर भरताना कंटाळणाऱ्या प्रत्येक हाउसमनला हे सांगायला हवे.

हिंदुस्थानात त्या कधीच आल्या नाहीत. पण इथल्या छावण्यांना त्यांनी प्रश्नावल्या पाठवल्या आणि आलेल्या उत्तरांचा अंथरुणावर पडूनच अभ्यास केला. १८६३ मध्ये आलेला शाही आयोगाचा अहवाल दोन हजारांवर पानांचा आहे. हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैनिकांचा मृत्युदर वर्षाला हजारी ६९ होता, आणि कारण होते सांडपाणी, गर्दी आणि घाण पाणी. पखालीतून पाणी वाहणाऱ्या भिश्तीचे चित्र त्यांच्या टिपणात आहे. १८६४ मध्ये मुंबई, मद्रास आणि बंगाल इलाख्यांत आरोग्य आयोग नेमले गेले. मुंबईचे गव्हर्नर राहिलेले सर बार्टल फ्रियर पुढे त्यांचे स्नेही झाले, आणि मुंबईचा मृत्युदर घसरल्याची दखल बाईंनी आपल्या लेखनात आवर्जून घेतली. बोरिवलीच्या जंगलाला लागून असलेल्या विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये शहरात आले होते, त्या काळातली ही गोष्ट. सैन्याचा मृत्युदर दहा वर्षांत हजारी १८ वर आल्याचे त्यांनी मांडले.

गंमत अशी की जंतूंमुळे रोग होतात हे बाईंना बराच काळ पटत नव्हते. दूषित हवा आणि घाण यांवरच त्यांचा भर. आणि त्यांचा स्वतःचा आजार बहुधा जंतूचाच असावा. १९९५ मध्ये डी. ए. बी. यंग यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडले की क्रिमियन फीव्हर म्हणजे ब्रुसेलोसिस. कच्च्या दुधातून, विशेषतः शेळीच्या, हा जंतू शरीरात जातो. ताप येतो, जातो, पुन्हा येतो. पाठीचा कणा धरतो, मन खचते, थकवा वर्षानुवर्षे राहतो. तबेल्यातले दूध न उकळता पिणाऱ्यांमध्ये तो आपल्याकडेही सापडतो, आणि तो तपासायला हवा हे पुष्कळदा डॉक्टरांच्या ध्यानातच येत नाही.

या मांडणीचे वजन किती? लक्षणे जुळतात, स्थळ-काळ जुळतो, कण्याचे दुखणे तर फारच जुळते. पण पुरावा पत्रांचा आहे, रक्ताचा नाही. नंतर इतरांनी त्याच पत्रांवरून द्विध्रुवीय मनोविकाराचेही निदान केले. स्कुटारीतल्या मृत्यूंचे आकडे १८५७ मध्ये नीट मांडल्यावर आपल्या इस्पितळात किती माणसे उगाच मेली ते कळले आणि त्या अपराधाच्या भावनेने त्या खचल्या, असेही एका अभ्यासकाने लिहिले. एकाच पत्रव्यवहारातून तीन निदाने निघतात, तेव्हा पत्रे निदानाला पुरेशी नाहीत एवढेच ठरते. तरी त्यांतले एक सर्वांत कमी ताणाताणीचे आहे. आधी धडधाकट असलेली बाई गंभीर तापाने पडते आणि त्यानंतर पूर्वीसारखी होत नाही.

याला आता भक्कम आधार आहे. ऑस्ट्रेलियातल्या डब्बो गावात तीन वेगवेगळ्या संसर्गांनंतर रुग्णांचा माग ठेवला गेला. ते संशोधन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी सुमारे ११ टक्के रुग्णांत क्रॉनिक फटीग सिंड्रोम दिसला. कुणाला होईल हे मूळ आजार किती तीव्र होता यावरून कळत होते, आधीच्या मानसिक स्थितीवरून नव्हे. या अभ्यासाची ताकद अशी की रुग्ण पहिल्या तापापासून पाहिले होते, नंतर आठवून लिहिलेले नव्हते. चिकुनगुनिया, डेंग्यू किंवा कोविडनंतर महिनोन्महिने मुलुंड-अंधेरीच्या दवाखान्यांच्या फेऱ्या मारणाऱ्या आणि रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणून घरी पाठवल्या जाणाऱ्या माणसांना हे कुणीतरी सांगायला हवे.

बाकी संशोधन तपासूनच घ्यावे. २००९ मध्ये एक्सएमआरव्ही नावाचा विषाणू या रुग्णांत सापडल्याचे सायन्समध्ये छापून आले. दुसऱ्या प्रयोगशाळांना तो सापडेना. प्रयोगशाळेतल्या दूषित नमुन्यांचा तो प्रकार निघाला आणि २०११ मध्ये निबंध मागे घेतला गेला. त्याच वर्षी नॉर्वेतल्या ३० रुग्णांच्या चाचणीत रिटुक्सिमॅब हे औषध आशादायक वाटले. १५१ रुग्णांवर तीच चाचणी झाली तेव्हा, २०१९ मध्ये, औषध आणि सलाइन यांत फरक दिसला नाही. ठरवून व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार अनेक वर्षे सांगितला जाई. पुरावा पुन्हा तपासल्यावर ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये तो मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकला. श्रमानंतर दुसऱ्या दिवशी आजार उसळणे हेच या आजाराचे मुख्य लक्षण. ज्या अभ्यासात रुग्ण निवडताना ते पाहिलेले नाही, त्याचा निष्कर्ष या रुग्णांना लागू करणे धोक्याचे. किती रुग्ण, कोणत्या व्याख्येने निवडलेले, तुलनेला कोण, आणि दुसरीकडे तेच दिसले का, हे चार प्रश्न बातमी वाचतानाही विचारता येतात. नाइटिंगेलबाई इस्पितळांच्या आकड्यांना असेच प्रश्न विचारत.

१८८० च्या सुमारास त्यांची प्रकृती हळूहळू सुधारू लागली. दुखणे ओसरले, वजन वाढले, स्वभावही मऊ झाला म्हणतात. कशामुळे, तेही कळलेले नाही. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी माल्टात सैनिकांच्या प्लीहेत तो जंतू पाहिला. १८९७ मध्ये माल्टा तापाची रक्तचाचणी आली. तेव्हा बाई ७७ वर्षांच्या होत्या. शेळीच्या दुधाचा धागा १९०५ मध्ये सापडला, तेव्हाही त्या हयात होत्या, दृष्टी मात्र गेली होती. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनमध्ये झोपेतच त्या गेल्या. या आजारासाठी त्यांचे रक्त तपासल्याचा पुरावा नाही. अर्थात, चाळीस वर्षांनी तपासलेले रक्त काही सांगू शकले असते का, हाही प्रश्नच आहे.