नाना फडणवीसांचं चित्र काढणारा स्कॉटिश माणूस लेण्यांपायी कसा गेला?

गेटवेवरून अलिबागला जायचं म्हणून मांडव्याची लाँच पकडणारे हजारो. तिथूनच घारापुरीची लाँचही सुटते. हे बेट मुंबईचं नाही, आपल्या रायगड जिल्ह्यातलं आहे. सव्वादोनशे वर्षांपूर्वी इथल्या मूर्ती कागदावर उतरवत बसलेला एक माणूस होता, जेम्स वेल्स.

जन्म १७४७ चा, स्कॉटलंडमधल्या पीटरहेडचा. चित्रकला बरीचशी स्वतःच शिकलेली. १७९१ मध्ये तो मुंबईत आला तो पोर्ट्रेट काढून पैसे कमवायला.

त्या काळात युरोपात पडक्या वास्तूंच्या चित्रांचं जबरदस्त वेड होतं. पिरानेसीने रोममधल्या भग्न कमानी, देवळं एचिंगमध्ये काढली आणि ती घरोघरी पोचली. एचिंग म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, त्यावर सुईने रेघा ओढायच्या, मग पत्रा अॅसिडमध्ये बुडवायचा. उघड्या रेघा खोदल्या जातात, त्यात शाई भरून छपाई करायची. एका पत्र्यावरून ढीगभर प्रती! आजच्या भाषेत शेअर करायची सोय म्हणा.

वेल्सला रोमच्या जागी सापडली लेणी.

पुण्यातला इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट त्याला पेशवे दरबारात घेऊन गेला. तिथे त्याने सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची चित्रं काढली. माधवराव आणि नानांचं त्याचं १७९२ चं चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. याच काळात मॅलेटसाठी पुण्याचा गंगाराम तांबट वेरूळची चित्रं काढत होता. वेल्सची त्याला साथ मिळाली. गंगारामची चित्रं आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. पण पुण्यात किती जणांना त्याचं नाव माहीत असेल?

१७९३ मध्ये थॉमस आणि विल्यम डॅनियल हे काका-पुतणे मुंबईत आले. भारताची दृश्यं छापून दोघांनी पुढे मोठं नाव कमावलं. त्यांना इथली लेणी दाखवत फिरला तो वेल्सच. वेरूळलाही त्याने स्वतः जाऊन चित्रं केली. त्याला यातून मोठं पुस्तक काढायचं होतं.

ते राहून गेलं. कान्हेरीच्या लेण्यांत काम करताना त्याला ताप भरला आणि नोव्हेंबर १७९५ मध्ये तो गेला. वय जेमतेम ४८. ज्याचं चित्र त्याने काढलं होतं तो तरुण पेशवा काही आठवडे आधीच, ऑक्टोबरात, शनिवारवाड्यात पडून दगावला होता.

मुंबई बेटाची त्याची १२ दृश्यं १८०० मध्ये एचिंग म्हणून लंडनला प्रसिद्ध झाली. वेरूळची २४ चित्रं १८०३ मध्ये थॉमस डॅनियलने छापून आणली. त्यावर वेल्सचं नाव आहे, डॅनियलने ते लपवलं नाही. तरी लोकांच्या लक्षात राहिले डॅनियलच. दरबाराच्या ज्या भव्य चित्रासाठी वेल्सने तयारी केली होती, तेही शेवटी डॅनियलनेच पूर्ण केलं.

वेल्सची मुलगी सुझाना. तिचं १७९९ मध्ये चार्ल्स मॅलेटशी लग्न झालं. त्यांचा एक मुलगा ह्यू पॉइन्ट्झ मॅलेट पुढे ठाण्याचा कलेक्टर झाला. १८५० मध्ये माथेरान इंग्रजांच्या नकाशावर आणणारा मॅलेट तो हाच.