मंदिर पडेल असे सांगणारा यिर्मया

यरुशलेमच्या ईशान्येस, तासाभराच्या वाटेवर अनाथोथ हे गाव होते. तेथील याजक घराण्यात यिर्मयाचा जन्म झाला. योशीया राजाच्या तेराव्या वर्षी, इ.स.पू. ६२७ च्या सुमारास, तो संदेष्टा म्हणून बोलू लागला. पुढील चाळीस वर्षे त्याचे ऐकून घ्यायला फारसे कोणी राजी नव्हते.

शेजारच्या राष्ट्रांच्या मूर्तींना तो काकडीच्या मळ्यातील बुजगावण्याची उपमा देई. त्यांना बोलता येत नाही, उचलून न्यावे लागते. शेजाऱ्यांना हे पटले नसते. बाबेलमध्ये नव्या मूर्तीचे मुख विधिपूर्वक धुतले जाई. आपल्या प्राणप्रतिष्ठेची आठवण व्हावी असाच तो संस्कार. मूर्ती आम्ही घडवलीच नाही, अशी शपथ कारागीर घेत. केवळ लाकडाला देव म्हणण्याइतके ते भाबडे नव्हते.

खरा भेद दुसरीकडे होता. मवाबचा देश जिंकला गेला की त्याचा देव कमोश पुरोहितांसह बंदिवासात जाणार, असे यिर्मया सांगे. यरुशलेमकरांचा यहोवाविषयीचा समजही नकळत त्याच वळणावर गेला होता: त्याचे मंदिर येथे आहे, म्हणून नगर पडणार नाही. गाभाऱ्यात मूर्ती नव्हती. मंदिराचीच मूर्ती झाली होती. यिर्मयाने मंदिराच्याच दारात उभे राहून सांगितले, की अनाथ, विधवा आणि परदेशी यांना नाडणाऱ्यांना या भिंती तारणार नाहीत; शिलोचे झाले तेच येथेही होईल. तेव्हा त्याच्या देहदंडाची मागणी झाली.

बारूखाने लिहून घेतलेली त्याची गुंडाळी यहोयाकीम राजाने कापून कापून शेगडीत जाळली. यिर्मयाने ती पुन्हा सांगितली, त्यात भरही घातली. पुढे त्याला चिखलाच्या हौदात सोडले गेले. एबद-मलेख या कूशी सेवकाने काखेत धरायला जुन्या चिंध्या देऊन त्याला दोरांनी वर काढले.

इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलला नेलेल्यांना त्याने पत्र पाठवले: तेथेच घरे बांधावीत, बागा लावाव्यात आणि त्या परक्या नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करावी. म्हणजे यहोवाला मंदिर नको होते, स्वदेशही नको होता. दहाएक वर्षांत मंदिर खरोखरच जळाले.

उरलेल्यांनी त्याला बळेच इजिप्तला नेले. तेथे लोकांनी त्याला तोंडावर सुनावले, की स्वर्गराणीला धूप दाखवत होतो, पोळ्या वाहत होतो, तोवर अन्नाला तोटा नव्हता. ते सोडले आणि सारे गेले. यिर्मयाने उत्तर दिले. ते त्यांना पटल्याचे त्याच्या ग्रंथात कोठे म्हटलेले नाही.