इंद्रायणीच्या काठी तेरा दिवस

फाल्गुन वद्य द्वितीया ही तिथी महाराष्ट्रातील भाविक घराण्यांत तुकाराम बीज म्हणून पाळली जाते. देहूच्या नांदुरकीच्या वृक्षाखाली या दिवशी दुपारी बारा वाजता पुष्पवृष्टी होते. वैकुंठगमनाची कथा आपणां सर्वांस मुखोद्गत आहे. आज आम्ही वाचकांना तिच्या कितीतरी अलीकडे, तुकोबांच्या संसारातल्या पडत्या काळाकडे नेऊ इच्छितो. संकटात देव धावून येतो असे आपण नित्य म्हणतो. पण आलेले साहाय्य घेण्याची माणसाची सिद्धता कशी होते, हे त्या काळाकडे पाहिले म्हणजे उमजते.

तुकोबांचे जन्मवर्ष बहुतेक अभ्यासक इ. स. १६०८ मानतात. पूर्वज विश्वंभरबाबांपासून घरात विठ्ठलाची उपासना आणि पंढरीची वारी चालत आलेली. वडील बोल्होबा, माता कनकाई. घरी वाणसवदा होता, सावकारी होती, गावची महाजनकी होती. थोरले बंधू सावजी विरक्त वृत्तीचे, म्हणून व्यवहाराचा भार तेरा वर्षांच्या तुकोबांवर आला आणि तो त्यांनी उत्तम रीतीने पेलला. देणे-घेणे जाणणारा, खतावणी चोख ठेवणारा असा हा तरुण होता, ही गोष्ट पुढचे सारे समजून घेताना विसरता कामा नये.

मग एकामागून एक आघात झाले. आईवडील गेले. भावजय गेली आणि सावजी तीर्थाटनाला निघून गेले. त्यातच १६३० च्या सुमारास दक्षिणेत तो भीषण दुष्काळ पडला. पाऊस नाही, धान्य नाही, गुरे दावणीला मरू लागली. व्यापार बुडाला, दिवाळे निघाले, गावात मान उरला नाही. थोरली पत्नी रखमाबाई आधीच दम्याने क्षीण झालेली. ती अन्नासाठी तळमळत गेली. तिच्या पाठोपाठ मुलगा संतूही गेला. ज्या महाजनाच्या दारी गावाने धान्य मागावे, त्याच्याच घरात अन्नावाचून मृत्यू यावा, यापरती मानहानी कोणती? स्वतः तुकोबांनी पुढे संतजनांना आपले पूर्ववृत्त सांगताना ही लाज लपविलेली नाही.

अशा वेळी माणूस देवावर रुसतो, किंवा नवसाची बोली करतो. तुकोबांनी दोन्ही केले नाही. ते भामनाथाच्या डोंगरावर एकांतात बसले. परतल्यावर त्यांनी घरातली कर्जखते काढली. अर्धी धाकटे बंधू कान्होबांच्या स्वाधीन केली, कारण त्यांचा वाटा बुडविण्याचा अधिकार आपला नाही हे ते जाणत होते. आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीच्या डोहात सोडून दिली. लोकांकडून येणे असलेला पैसा, म्हणजे दुष्काळानंतर पुन्हा उभे राहण्याचा एकमेव मानवी आधार, त्यांनी आपल्या हाताने सोडला. आमच्या मते तुकोबांच्या सिद्धतेचा आरंभ येथे आहे. मोडकळीस आलेले विठ्ठलमंदिर त्यांनी स्वतः राबून दुरुस्त केले. पूर्वसंतांची वचने पाठ केली, कीर्तनात इतरांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. माघ शुद्ध दशमीला बाबाजींनी स्वप्नात येऊन मंत्र दिला. नामदेवरायांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन कवित्वाची आज्ञा केली, आणि वह्या भरू लागल्या.

या साऱ्या काळात घर कोणी सांभाळले? पुण्याच्या गुळवे घराण्यातून आलेल्या जिजाबाईंनी. कीर्तनकार त्यांना आवली म्हणून हसवणुकीसाठी उभ्या करतात. परंतु पोरे उपाशी असताना पतीची भाकर घेऊन भंडाऱ्याचा डोंगर चढणाऱ्या त्या माउलीची तक्रार आम्हांस तरी अन्याय्य वाटत नाही.

पुढे वाघोलीच्या रामेश्वर भट्टांनी तुकोबांच्या कवित्वाला हरकत घेतली. शूद्राच्या वाणीतून वेदार्थ प्रकट व्हावा हे त्यांना मान्य नव्हते. वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. त्याच नदीने पूर्वी कर्जखते घेतली होती. पण तो त्याग स्वखुशीचा होता, आणि ती परत मिळावीत अशी इच्छाही नव्हती. हा घाव निराळा होता. देवाच्याच आज्ञेने लिहिलेले देवानेच बुडू द्यावे काय, हा प्रश्न घेऊन तुकोबा काठावरच्या शिळेवर अन्नपाणी सोडून बसले. एक दिवस नव्हे, तेरा दिवस. निंदकांनी दोन्ही बाजूंनी बोल लावले: आधी कर्जखते बुडविली, आता परमार्थही बुडाला.

तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या. ज्यांच्याकडून विरोध झाला त्या रामेश्वर भट्टांनीच पुढे शिष्यत्व पत्करून तुकोबांची आरती रचली आणि पाण्यात अभंग रक्षिले गेल्याची ग्वाही तीत दिली. समकालीन बहिणाबाईंनीही या तेरा दिवसांचा उल्लेख केला आहे. अभंग लोकांच्या कंठी होते म्हणून ते तरले, असे काही विद्वान म्हणतात. चाकणच्या संताजी जगनाड्यांसारख्या अनुयायांनी अभंग लिहून जतन केले, हेही प्रसिद्धच आहे. आम्हांस या दोन सांगण्यांत विरोध दिसत नाही. देवाला हात नसतात असे थोडेच आहे!

विशेष आहे ते याच्यानंतरचे. वह्या मिळाल्यावर तुकोबांना विजयाचा आनंद झाला नाही, संकोच झाला. आपण देवाला शिणविले, त्याचा अंत पाहिला, या विचाराने ते खंतावले आणि त्यांनी त्या अर्थाचे अभंग रचले. शिवाजी महाराजांनी पाठविलेला नजराणा याच पुरुषाने जसाचा तसा परत केला, अशी परंपरा आहे. राजाचे द्रव्य नाकारणे त्यांना जड गेले नाही. देवाचे साहाय्य घेताना मात्र त्यांचे डोळे भरून आले. दिवाळे निघालेल्या त्या जुन्या महाजनाला या ऋणाची फेड होणार नाही, हे नीट कळत होते.

तुकोबांचे निर्याण १६५० मध्ये झाले असे सामान्यतः मानतात. काही १६४९ सांगतात. त्या वेळी जिजाबाई गर्भवती होत्या. नंतर जन्मलेल्या नारायणबाबांनी १६८५ मध्ये पादुका पालखीत ठेवून पंढरीची वाट धरली. ती पालखी दर ज्येष्ठात देहूहून निघते. तुकोबा जिच्यावर तेरा दिवस बसले होते, ती शिळा आज देहूच्या शिळामंदिरात आहे. वारीला निघण्यापूर्वी वारकरी तिच्यावर माथा टेकवितात.