अरणचा माळी : संत श्रीसावता महाराज

तुकोबारायांची पालखी बारामती सोडून सणसर, निमगाव केतकीच्या वाटेने इंदापुराकडे निघाली, म्हणजे दोन्ही बाजूंना मळे लागतात. उसाचे फड आहेत, निमगावचे पानमळे आहेत, आणि घरामागच्या परसात मिरचीची दहापाच झाडे तर ठरलेलीच. दिंडीला भाकरीवर ठेचा मिळतो तो याच झाडांचा. तो तोंडात पडला की आम्हांस अरणच्या माळ्याची आठवण होते. इंदापुराहून पुढे भीमा ओलांडली, टेंभुर्णी मागे पडली, की सोलापूरच्या रस्त्याला मोडनिंबाजवळ अरण आहे. तेच सावता महाराजांचे गाव.

परंपरेप्रमाणे महाराजांचा जन्म शके ११७२, म्हणजे इ. स. १२५० चा. आजोबा दैवू माळी, वडील परसोबा, आई नांगिताबाई. घरात पंढरीची वारी होती आणि पोटासाठी मळा होता. महाराजांचे लग्न भेंड गावच्या जनाईशी झाले. विठ्ठल आणि नागाताई ही दोन लेकरे. एकदा सासुरवाडीची मंडळी दारी आली, तरी महाराज भजनातून उठेनात, तेव्हा जनाई रागावल्या, अशी गोष्ट सांगतात. संसारी माणसाच्या घरी घडते तेच तिथेही घडले, हे ऐकून श्रोत्यांतल्या माउल्या हसतात आणि मग गप्प होतात.

ज्ञानोबामाउली आणि नामदेवराय यांच्याच काळातले हे संत. पण यांची रीत वेगळी. मळा टाकून ते पंढरीला धावले नाहीत. मोट हाकावी, पाटाचे पाणी वाफ्यात वळवावे, खुरप्याने तण काढावे, आणि मुखी नाम असावे, हीच त्यांची पूजा. कर्मात कसूर नाही आणि नामात खंड नाही. शास्त्रात कर्मयोगावर पुष्कळ पाने लिहिली आहेत, आम्ही ती गुरुगृही घोकलीही. पण तो अर्थ खुरपे हाती धरल्यावरच कळतो, हे सावतोबांनी दाखविले.

मग देवच त्यांच्याकडे आला. पांडुरंग नामदेवांना बरोबर घेऊन लऊळला कूर्मदासांच्या भेटीस निघाले होते. वाटेत अरणचा मळा दिसला आणि देवाला राहवले नाही. नामदेवांना मागे ठेवून ते मळ्यात शिरले आणि लपायला जागा मागू लागले. सावतोबांनी खुरप्याने आपले उदर चिरून देवाला आत घेतले. इकडे नामदेव देवासाठी कासावीस झाले, तेव्हा देव पुन्हा प्रकट झाले. आजही इतर संतांच्या पालख्या पंढरीस जातात, आणि आषाढ वद्यात पांडुरंगाची पालखी अरणला भेटीस येते.

महाराजांचे अभंग काशिबा गुरवांनी लिहून घेतले असे सांगतात. आज मिळतात ते सदतीस. त्यांतला सर्वांच्या मुखी असलेला अभंग भाजीपाल्याची नावे घेतो आणि त्यातच विठाईला पाहतो. त्यात मिरचीही येते. आता आमची एक गोष्ट सांगतो.

काही वर्षांमागे इंदापूर तालुक्यात एका सप्ताहात आम्ही या अभंगावर कीर्तन केले. कीर्तन संपल्यावर कॉलेजात शेती शिकणारा एक पोरगा पाया पडला आणि हळूच विचारता झाला, की महाराज, मिरची तर पोर्तुगीजांनी अमेरिकेतून आणली, मग ती सावतोबांच्या मळ्यात कशी? आम्ही त्या वेळी काहीबाही सांगून वेळ मारून नेली. पण रात्री झोप लागेना. पोरगा खरेच बोलत होता. पोर्तुगीज या किनाऱ्यावर उतरले ते १४९८ साली. महाराज समाधिस्थ झाले शके १२१७ च्या आषाढ वद्य चतुर्दशीला, म्हणजे १२९५ साली. मध्ये दोनशे वर्षांचे अंतर. आमच्या वैद्यकातही त्रिकटु म्हणजे सुंठ, मिरी आणि पिंपळी. मिरचीला तिथे जागा नाही. जुन्या मराठी घरातला तिखटपणा मिऱ्यांचा आणि आल्याचा. मिरचीने नावसुद्धा मिऱ्यांवरूनच घेतले.

मग अभंग खोटा का? नव्हे. अभंग मुखोमुखी चालतो. शेकडो वर्षे टाळकऱ्यांनी तो मळ्यांत गायिला. पुढे मळ्यात नवे झाड आले, आणि कोणा गाणाऱ्याने समोर दिसले तेही विठाईच्या पदरात घातले असावे, असे आम्हांस वाटते. शब्द मागाहूनचा असेल, भाव सावतोबांचाच. परमुलखातून आलेले रोप, पण आपल्या मातीत रुजले, आपल्या भाकरीवर आले, आणि देवाच्या नावात जाऊन बसले. दारी आलेल्याला आपले म्हणणे हाच वारकऱ्याचा धर्म ना? पुढल्या साली त्याच गावी आम्ही हे कीर्तनात उघड सांगितले. कोणाची श्रद्धा उणी झाली नाही. त्या पोराने मात्र त्या दिवशी टाळ हाती घेतला.

माउल्यांनो, परसात चार झाडे लावून पाहा. बी एकदम जागेवर टाकू नये. उंच वाफ्यात रोप करावे, पाचसहा आठवड्यांनी ते हलवावे, दोन झाडांत हातभर अंतर ठेवावे. पाणी बेताने द्यावे, बुंध्याशी साचू देऊ नये, नाहीतर मूळ कुजते. पान मुरडले तर चुरडामुरडा आला असे समजावे. रसशोषक किडीच तो आणतात. असले झाड लवकर उपटून दूर न्यावे. रोज सकाळी पान उलटून पाहावे लागते. ज्याने रोज पाहिले त्याचे झाड वाचते. नामाचेही तसेच आहे. आषाढात एकदा पाणी घालून भागत नाही.

महाराजांची समाधी त्यांच्या मळ्याच्याच गावी आहे. पंढरीहून परतताना पाय चालत असतील तर अरणला जरूर जावे. आणि घरी येऊन खुरपे हाती घ्यावे, म्हणजे दर्शन पुरे झाले. रामकृष्णहरी.