पाखरांचा दप्तरदार

दूरदेशीची पाखरे पाहावयास दूरदेशी जावे लागते, हा समज गिल्बर्ट व्हाइट यांच्या चरित्राने खोटा ठरविला आहे. इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यातील सेलबोर्न या आडगावी १७२० साली ते जन्मले आणि १७९३ साली तेथेच वारले. ऑक्सफर्डचे शिक्षण असूनही त्यांनी गावाकडची साधी धर्मोपदेशकी पत्करली. संसार मांडला नाही. मांडली ती नोंदवही. पहिली भिंगरी कोणत्या तारखेस आली, शेवटची केव्हा दिसली, याचा हिशेब ते वर्षानुवर्षे ठेवीत राहिले. दिसण्यात जवळजवळ सारख्या असलेल्या तीन वटवट्यांच्या जाती निरनिराळ्या आहेत, हे त्यांनी मुख्यतः त्यांच्या आवाजावरून ओळखले.

आपल्याकडे अंगणात सहज दिसणारा हुदहुद तिकडे दुर्मिळ पाहुणा. एका उन्हाळ्यात त्याची जोडी व्हाइट यांच्या बागेशेजारी उतरली. काही आठवडे ती तेथे वावरली. वीण करील अशीही चिन्हे होती. परंतु गावच्या पोरांनी तिला स्वस्थता लाभू दिली नाही. १७७९ च्या वसंतात जवळच्या फ्रेन्शमच्या तळ्यावर सहा शेकाटे आले, त्यांतील पाच बंदुकीला बळी पडले. दुर्मिळ पाखरू ओळखणारा एक आणि त्याच्यामागे लागणारे अनेक, हे प्रमाण तेव्हाही विषमच होते.

भिंगऱ्या हिवाळ्यात परदेशी जातात की येथेच कोठे दडून निद्रिस्त होतात, हा त्या काळचा मोठा वाद होता. जिब्राल्टरला असलेल्या भावाने स्थलांतराचा प्रत्यक्ष पुरावा कळविला, तरी सेलबोर्नला अवेळी दिसलेल्या भिंगऱ्यांचे कोडे व्हाइट यांना सुटेना. १७८१ च्या वसंतात त्यांनी माणसे लावून टेकडीवरील झुडपे धुंडाळली. हाती काही लागले नाही. काही भिंगऱ्या मागे राहत असाव्यात, ही शंका मात्र त्यांच्या मनातून कधीच पुरती गेली नाही. ती शंका चुकीची होती, हे आज आपण जाणतो. पण आपल्या मताविरुद्ध जाणारी नोंदही त्यांनी दडविली नाही, यातच त्यांचे थोरपण आहे.

१७८९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा सेलबोर्नविषयक पत्ररूप ग्रंथ आजही वाचला जातो. त्यामागे ना मोठी प्रयोगशाळा होती, ना सरकारी अनुदान. होते एक घर, एक बाग आणि रोजची तारीख घालण्याची शिस्त. शाळेत वा कचेरीत दिवस घालविणाऱ्यालाही इतके भांडवल दुर्लभ नाही.