अफनासी निकितीन

अफनासी निकितीन हा पंधराव्या शतकातील रशियन व्यापारी व प्रवासी होता. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला; त्याच्या पाव शतकाहून अधिक काळ आधी निकितीन कोकणातील चौल बंदरात उतरला होता. ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ या नावाने ओळखली जाणारी त्याची टिपणे बहमनीकालीन दख्खनच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहेत.

प्रवास

व्होल्गाकाठच्या त्वेर नगरातून निकितीन माल घेऊन दक्षिणेकडे निघाला. आस्त्राखानजवळ तातारांनी त्याला लुटले. मालाबरोबर धर्मग्रंथही गेले. कॅस्पियन समुद्र व इराण ओलांडून तो होर्मुझला पोहोचला आणि तेथून एक घोडा घेऊन गलबताने चौलला आला. दख्खनमध्ये घोड्यांची पैदास होत नसल्याने त्यांना मोठी किंमत येई.

जुन्नर व बीदर

घाट चढून तो जुन्नरला पोहोचला तेव्हा पावसाळा सुरू झाला होता. दोन महिने तो तेथेच अडकला. घोड्यांना हरभरे आणि साखर घालून शिजवलेली खिचडी देतात, अशी त्याची नोंद आहे; खिचडी हा शब्दच त्याने टिपणात उतरवला आहे. तेथील सुभेदार असद खानाने त्याचा घोडा जप्त केला. इस्लाम स्वीकारल्यास घोडा आणि वर एक हजार सुवर्णनाणी मिळतील, असे सांगून त्याने चार दिवसांची मुदत दिली. खोरासानच्या ख्वाजा मुहम्मदने रदबदली केल्यामुळे निकितीनचा धर्म वाचला आणि घोडाही परत मिळाला. (याच जुन्नरहून मलिक अहमदने १४९० मध्ये बहमनी सत्ता झुगारली आणि अहमदनगरची निजामशाही उदयास आली.)

घोडा अखेर बीदरला विकला गेला. आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहोत, असे त्याने तेथील हिंदूंना सांगितले. त्यानंतर त्यांनी आपले अन्न, व्यापार वा पूजाअर्चा त्याच्यापासून लपवली नाही. त्यांच्याबरोबर तो श्रीशैलच्या यात्रेलाही गेला. ग्रंथ गमावल्याने उपवासांचे व सणांचे दिवस मात्र त्याला कळेनासे झाले. दरबाराच्या थाटाच्या वर्णनापेक्षा टिपणांत वारंवार येणारी ही खंत अधिक जिव्हाळ्याची आहे.

परतीचा प्रवास त्याने दाभोळहून केला. त्वेरला पोहोचण्यापूर्वीच स्मोलेन्स्कजवळ त्याचा मृत्यू झाला. टिपणे १४७५ मध्ये मॉस्कोला पोहोचली. एकोणिसाव्या शतकात इतिहासकार करमझिन याने ती उजेडात आणली.

स्मारके

त्वेर येथे १९५५ मध्ये त्याचा पुतळा उभारण्यात आला. १९५७ चा ‘परदेसी’ हा भारत-सोव्हिएत चित्रपट त्याच्याच जीवनावर आहे. ख्वाजा अहमद अब्बास त्याचे एक दिग्दर्शक होते आणि नर्गिस यांची त्यात भूमिका होती. चौलशेजारच्या रेवदंडा येथेही त्याचा स्मारकस्तंभ आहे.