आवाज का येत नाही?

आधी एक कबुली. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी. घरी मराठीच बोलतो, पण लिहायला बसलं की ऱ्हस्व-दीर्घ माझ्याशी वैर धरतात. तेव्हा संपादकांनी सुधारूनही काही चुका राहिल्या असतील तर सांभाळून घ्या. दुसरी कबुली अशी की, ज्या माणसाचं चरित्र लिहायला घेतलंय त्याच्यामुळे मी अख्ख्या हॉस्टेलसमोर तोंडावर पडले आहे.

झालं असं. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन म्हणून कॉमन रूममध्ये काहीतरी मराठी दाखवायचं ठरलं. एकीने पेनड्राइव्हवर ‘राजा हरिश्चंद्र’ आणला. प्रोजेक्टर आला, साउंड बॉक्स आला, लाईट पण होती (जालन्यात उन्हाळ्याच्या तोंडावर हे आधी बघावं लागतं!). पिक्चर सुरू झाला आणि आवाजच नाही.

मी कॉम्प्युटरची, थर्ड इयर. हॉस्टेलमध्ये कुणाचा व्हिडिओ अडला की हाक मला. मी वायर काढून घातली, म्यूट बघितलं, ड्रायव्हर बघितला. मग प्लेअर बदलून व्हीएलसी लावला. तरी शांतता. आता नक्की कोडेकचा घोळ, असं मी जाहीर करून टाकलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: व्हिडिओची फाईल म्हणजे खणांचा डबा. एका खणात चित्र, दुसऱ्यात आवाज, आणि दोन्ही आपापल्या पद्धतीने दाबून भरलेले. ते दाबून भरण्याची आणि पुन्हा उलगडण्याची रीत म्हणजे कोडेक. आवाजाची रीत प्लेअरला येत नसेल तर चित्र दिसतं आणि आवाज गायब होतो. म्हणून मी एक कोडेक पॅक टाकला. त्याने आधीच्या कोडेकशी भांडण काढलं आणि चित्रही हिरवं झालं. तो काढला. शेवटी जे पहिल्या मिनिटाला करायचं ते केलं, फाईलची माहिती उघडली. डब्यात एकच खण! फक्त चित्र. मी ठणकावून सांगितलं की फाईल खराब आहे, कुणीतरी आवाज उडवलाय.

तेवढ्यात मागे बसलेल्या मेसच्या मावशी म्हणाल्या की अगं बाई, तो मुका सिनेमा आहे. त्यांनी टीव्हीवर ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ बघितला होता. पुढचं काय सांगू? परीक्षेपर्यंत मला सगळे कोडेक म्हणत होते.

दादासाहेब फाळके हे नाव मला पुरस्कारामुळे तेवढं माहीत होतं. लाज वाटली म्हणून वाचायला घेतलं, आणि वाचत गेले तसं लक्षात आलं की हा माणूस आमच्यातलाच. कलाकार वगैरे आहेच, पण त्याआधी अडलेलं यंत्र चालू करणारा.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे पंडित. पोराने १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातलं, पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, फोटोग्राफी, छपाई असं मिळेल ते शिकून घेतलं. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, तर प्लेगमध्ये बायको आणि मूल दोन्ही गेले. एका वाक्यात लिहून झालं, पण त्या माणसाने ते कसं काढलं असेल! नंतर पुरातत्त्व खात्यात नोकरी, ती सोडून लोणावळ्याला छापखाना, यंत्रं आणायला १९०९ मध्ये जर्मनी, मग भागीदारांशी बिनसलं. चाळिशीत माणूस रिकामा.

१९११ साली गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मुका चित्रपट बघितला. पडद्यावर येशू आणि मनात कृष्ण, असं त्यांचं झालं. (आमच्या शाळेत दर ईस्टरला येशूचा पिक्चर दाखवायचे. माझ्या डोक्यात असं काही आलं नाही, हेही नोंदवते.) मग सिनेमा बघण्याचा सपाटा लावला, इतका की काही काळ डोळे गेले. उपचारांनी परत आले. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत सगळं डोळ्यांनी बघून घेतलं, विल्यमसन कॅमेऱ्याची ऑर्डर दिली आणि दोन महिन्यांत परत.

आता इथे जरा थांबा, कारण मला हा भाग सगळ्यात आवडतो. तेव्हा कच्ची फिल्म बिनभोकांची यायची. कडेची भोकं आपणच यंत्राने पाडायची, तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म गेली. त्या भोकांत चाकाचे दाते अडकतात आणि फिल्म पुढे सरकते. कॅमेऱ्यात, छापण्याच्या यंत्रात आणि प्रोजेक्टरमध्ये तीच भोकं तशीच बसली पाहिजेत. अंतर जरा चुकलं की पडद्यावर चित्र थरथरतं. आपल्या भाषेत सांगायचं तर भरणारा आणि उलगडणारा यांची रीत जुळली पाहिजे!

मी वहीत हिशोब केला. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी, प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार-चार भोकं. ‘राजा हरिश्चंद्र’ ३७०० फुटांचा. म्हणजे एका प्रतीला चार लाख त्र्याहत्तर हजार सहाशे भोकं. आणि हे काम दादरच्या घरात, दिवसभराच्या रगाड्यानंतर रात्री कोण करत होतं? त्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई. फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं, कॅमेऱ्यात भरणं त्या शिकल्या. शूटिंगला उन्हात पांढरी चादर धरून उजेड वळवला, सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही केला. आमच्या वर्गात मुली किती, हा प्रश्न अजून विचारला जातो. मला तर वाटतं, आपल्या सिनेमाची पहिली टेक्निशियन ही बाई.

पैसे उभे करायला फाळक्यांनी आधी एक युक्ती केली. कुंडीत वाटाणा लावला, कॅमेरा समोर ठेवला आणि महिनाभराहून जास्त रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर साधारण मिनिटभरात वेल वाढलेला बघून लोक थक्क झाले आणि कर्ज मिळालं. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तारामतीचं काम करायला बाई मिळाली नाही, म्हणून अण्णा साळुंके या पुरुषाने केलं. रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. पुढे नाशिकला बिऱ्हाड हललं. ‘लंकादहन’, ‘श्रीकृष्णजन्म’, ‘कालियामर्दन’ असे चित्रपट आले, ‘कालियामर्दन’मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. यशाची ही वर्षं सगळ्या पुस्तकांत आहेत, मी पटकन पुढे जाते.

कारण मला आवाजाचं सांगायचंय. १४ मार्च १९३१ ला ‘आलम आरा’ आला आणि सिनेमा बोलायला लागला. फाळके तेव्हा ‘सेतुबंधन’ मुकाच बनवत होते. ज्या डब्यात एकच खण भरण्यात त्यांचं आयुष्य गेलं, त्या डब्याला अचानक दुसरा खण आला. ‘सेतुबंधन’ला मागाहून आवाज जोडून तो १९३४ मध्ये आणला. मग कोल्हापूरला ‘गंगावतरण’ केला, १९३७ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी. त्यांचा सुरुवातीपासून बोलपट म्हणून केलेला हा एकमेव चित्रपट, आणि शेवटचाही. असा माणूस मागे पडला म्हणतात तेव्हा मला राग येतो. आम्ही विशीतले, तरी नवीन व्हर्जन आलं की कुरकुरतो.

महायुद्धात चित्रपट काढायला सरकारी परवाना लागायचा. फाळक्यांनी तोही मागितला होता, सरकारने नाकारला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले. त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं, मिळून १४७५ फूट, एवढंच पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात उरलं.

एक गोष्ट त्या रात्रीपासून खटकत होती. पडद्यावरचे राजा-राणी, ऋषी सगळे गाडी चुकल्यासारखे पळत होते आणि आम्ही हसत होतो. त्याचं कारणही आता कळलं. मुके चित्रपट सेकंदाला साधारण सोळा चौकटींनी हाताने फिरवून घ्यायचे, आणि बोलपटांचं यंत्र चोवीसने पळवतं. म्हणजे चूक फाळक्यांची नव्हती, आमच्या प्लेबॅकची होती.

परवा पुन्हा लावला. व्हीएलसीमध्ये वेग ०.६७ केला. मावशींना पुढची खुर्ची दिली. हरिश्चंद्र रोहिदासाला धनुष्यबाण शिकवतो तो पहिला प्रसंग आला. तारामती शेजारी उभी, पोरगं बाण ओढतंय, सगळं सावकाश, माणसांच्या चालीने. साउंड बॉक्स यावेळी मी मागितलाच नव्हता.